स्वतंत्रपूर: आटपाडीची खुली वसाहत

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ असलेली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली वसली. आटपाडी तेव्हा औंध संस्थानातला, राजधानीपासून दूर पडलेला महाल होता. मुलूख माणदेशाचा, कायम अवर्षणाचा. त्याच वर्षी राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नवी राज्यघटना देऊन कारभार गावपंचायतींकडे सोपवला. या कामात गांधीजींचा सल्ला होता, तर राजपुत्र अप्पासाहेब पंत यांच्या जोडीला मॉरिस फ्रीडमन हे मूळचे पोलंडचे ज्यू अभियंते होते. रयतेवर टाकलेला विश्वास कैद्यांवरही टाकून पाहावा, असा फ्रीडमन यांचा आग्रह होता आणि राजाने तो मानला.

कैद्याला कामासाठी बाहेर सोडणे ही गोष्ट जगात अगदीच नवी नव्हती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात १९१३ च्या ह्यूबर कायद्याने किरकोळ गुन्ह्यातल्या कैद्याला दिवसा मजुरी करून रात्री कोठडीत परतण्याची मुभा दिली होती. औंधने त्यापुढे मजल मारली. इथे परतायला कोठडीच ठेवली नाही. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेले कैदीही इथे आले, जमीन कसू लागले आणि बायकामुलांसह राहू लागले. नांगरट, पेरणी, राखण, काढणी ही कामे कुणबी कुटुंबात होतात तशीच, घरच्यांच्या हातभाराने होऊ लागली. एरवी एकाच्या शिक्षेत सगळे घर उद्ध्वस्त होते. स्वतंत्रपुरात चूल पेटती राहिली. या प्रयोगाचे सर्वांत मोठे यश हेच मानले पाहिजे.

आटपाडी तालुक्यातल्याच माडगूळ्याचे ग. दि. माडगूळकर यांनी यावरून कथा लिहिली. तिच्यावर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि पुढच्या वर्षी त्याला बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले. चित्रपटात सहा कैद्यांना बांधून ठेवते ती जेलरची नजर. आटपाडीत ते काम मुख्यतः संसाराने केले.

१९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले, तरी वसाहत मोडली नाही. पुढे राज्यात येरवडा, पैठण अशी खुली कारागृहे निघाली. त्यांत शिक्षेचा काही काळ चांगल्या वर्तनाने काढलेल्या कैद्यांची निवड होते, पण कुटुंब सोबत नसते. स्वतंत्रपूर आज राज्याच्या कारागृह विभागाकडे असून तिथे जेमतेम २८ कैद्यांची सोय आहे.