काळी-पिवळीचे हेड गॅस्केट

इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्यामध्ये दीड-दोन मिलिमीटर जाडीचे हेड गॅस्केट असते. सिलिंडरमधला जळता वायू, भोवती खेळणारे पाणी आणि वर चढणारे ऑइल यांना एकमेकांत मिसळू न देणे हे त्याचे काम. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. जुन्या मोटारींच्या इंजिनांत हवा वीस ते तेवीस पट दाबली जाई, तिचे तापमान ५०० अंशांच्या वर जाई आणि त्या उष्णतेनेच डिझेल पेटे. त्यामुळे पेट्रोल गाडीपेक्षा डिझेल गाडीत गॅस्केटवरचा ताण कितीतरी अधिक.

खानदेशात डिझेल इंजिन रस्त्यापेक्षा विहिरीवर जास्त ओळखीचे होते. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात अशी इंजिने बनवायला घेतली. पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ मध्ये सुरू झाली. तापीकाठच्या केळीला पाणी बारमाही लागते आणि वीज पोचेपर्यंत ते ओढण्याचे मोठे साधन ऑइल इंजिनच होते. एका सिलिंडरच्या त्या इंजिनालाही हेड असे, गॅस्केट असे. हेड उतरवणे, नोझल पाहणे, डिझेलच्या नळीतली एअर काढणे ही कामे शेताच्या बांधावरच होत.

रस्त्यावर डिझेल इंजिन ओळखीचे झाले ते जीपमुळे. खानदेशातल्याच चोपड्याला रेल्वे नाही. सुरत–भुसावळ मार्ग तापीच्या दक्षिणेने जातो आणि चोपडा उत्तरेला, बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्त्यावर आहे. अमळनेर किंवा धरणगाव गाठायचे तर नदी ओलांडावी लागते. एसटीच्या दोन फेऱ्यांमधली पोकळी प्रवासी जीपने भरून काढली. सुरुवातीच्या जीपला पेट्रोल इंजिन होते आणि भाड्याच्या धंद्याला ते परवडणारे नव्हते. महिंद्राने १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला आणि पुढे इगतपुरीला इंजिनांचा कारखाना चालवला. इंजिनाचे मापच त्याच्या नावात आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. ८३ मिलिमीटर स्ट्रोक धरून त्याची क्षमता २११२ सीसी होते. पुढे बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. तिच्यातले इंजिन मर्सिडीजच्या २४० डी मोटारीचे होते. याच जातीच्या भाड्याच्या गाड्या नंतर काळी-पिवळी म्हणून धावू लागल्या.

गॅस्केट उडण्याची कारणे इथल्या हवापाण्यातच होती. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो. परवान्यापेक्षा जास्त माणसे बसवून सातपुड्याच्या चढावर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रेटली जाई. रेडिएटरमध्ये विहिरीचे जड पाणी ओतले जाई. त्याचा क्षार नळ्यांत थर धरी आणि इंजिन उकळे. एकदा उकळले की हेड किंचित वाकते. अॅल्युमिनियमचे हेड लोखंडी ब्लॉकच्या जवळजवळ दुप्पट फुगते, त्यामुळे ते आधी दगा देते. रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलला दुधाळ चहाचा रंग, रोज कमी होणारे पाणी या खुणा दिसल्या की गाडी पाणी खाते, असे चालक म्हणत.

हेड गार झाल्यावरच उतरवायचे आणि त्याचे बोल्ट कडेकडून मध्याकडे सैल करायचे, हा पहिला नियम. मग सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून फीलर गेजने फट पाहायची. हेड वाकलेले निघाले तर फेस मारायला वर्कशॉपमध्ये पाठवत. इथे मोह आवरावा लागे. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात अंतर फार थोडे असते, आणि जास्त धातू काढला तर ते एकमेकांवर आदळतात. म्हणूनच अनेक डिझेल इंजिनांची गॅस्केटे वेगवेगळ्या जाडीची येत आणि जाडी ओळखायला कडेला खाचा असत. जुने बघून तेवढ्याच खाचांचे नवे आणणे हे खऱ्या कारागिराचे लक्षण. बोल्टच्या भोकात पाणी किंवा ऑइल राहिले तर बोल्ट कसताना ब्लॉक तडकू शकतो. ते काडीला चिंधी गुंडाळून टिपत.

कसणे मध्यातून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत. टॉर्क पाना नसलेल्या गॅरेजमध्ये किती कसायचे याचा अंदाज मनगटावर असे, आणि गॅस्केट महिन्याभरात पुन्हा जाण्याचे ते एक मोठे कारण होते.

या कामाची एक किंमत नोंदवलीच पाहिजे. त्या काळातल्या अनेक गॅस्केटांत तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस भरलेले असे. चिकटलेले अवशेष गॅरेजमधली पोरे कोरडेच खरवडत आणि फुंकर मारून उडवत. तो तंतू फुफ्फुसात रुतून राहतो आणि त्याचा आजार कित्येक वर्षांनी दिसतो. ओले करून खरवडणे एवढी साधी खबरदारीही त्यांना कोणी शिकवली नव्हती.

पुढे ग्रॅफाइटची आणि नंतर पोलादी पापुद्र्यांची गॅस्केटे आली. त्यांच्यासोबत अंशांत मोजून ताणायचे आणि अनेकदा एकदाच वापरायचे बोल्टही आले. अशा इंजिनाला काही शे किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा कसावे लागत नाहीत. जुन्या जीपला मात्र ती फेरी लागतेच, आणि कसून झाल्यावर टॅपेटही नव्याने लावावे लागतात.