माध्यम नियोजन

माध्यम नियोजन म्हणजे जाहिरात कोणत्या माध्यमातून, केव्हा, किती वेळा आणि किती खर्चात द्यावी, हे ठरविण्याची प्रक्रिया होय. विपणनातील जाहिरातकार्याचा तो एक भाग आहे.

ठरावीक काळात लक्ष्यगटातील जितक्या टक्के व्यक्तींनी जाहिरात निदान एकदा पाहिली, ती तिची पोहोच. त्यांनी ती सरासरी जितक्या वेळा पाहिली, ती वारंवारता. या दोहोंच्या गुणाकारास जीआरपी म्हणतात. हा आकडा एकटा वाचल्यास फसगत होते. ८० टक्के पोहोच आणि ३ वारंवारता यांचा गुणाकार २४०. ४० टक्के आणि ६ यांचाही २४०च. दुसऱ्या योजनेत मात्र ६० टक्के लोकांपर्यंत जाहिरात गेलेलीच नसते. नव्या वस्तूचे नाव सर्वांना कळवायचे असेल, तर ही उणीव महागात पडते.

दर हजारी खर्चाचेही तसेच. कांद्याचे बियाणे विकणाऱ्याने दैनिकाच्या राज्यभरातील सर्व आवृत्त्या घेतल्यास हा खर्च कमी दिसू शकतो. पण मुंबईतील वाचकांपायी मोजलेले पैसे बहुतांशी वाया जातात. त्याला नाशिक आवृत्ती अधिक उपयोगी.

भारतात नियतकालिकांचा खप ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स (स्थापना १९४८) प्रमाणित करते. दूरचित्रवाणीची प्रेक्षकसंख्या २०१५ पासून बार्क मोजते. खप म्हणजे वाचकसंख्या नव्हे. सार्वजनिक वाचनालयातील एकच अंक दिवसभरात कितीतरी हातांतून फिरतो, खपात मात्र तो एकदाच मोजला जातो.