सैतानाने नाही, शेतमजुरांनी शिकवले : स्लाइड गिटारचा इतिहास

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल नावाचे गाव आहे. तिथे हायवे ६१ आणि हायवे ४९ च्या चौकात मोठमोठ्या गिटारांची खूण उभारली आहे. जगभरातले पर्यटक तिथे उभे राहून फोटो काढतात. रॉबर्ट जॉन्सन नावाच्या कृष्णवर्णीय तरुणाने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आपला आत्मा विकला आणि त्या बदल्यात गिटारची विद्या मिळवली, अशी ही कथा आहे. पुस्तके, सिनेमे, माहितीपट सगळीकडे ती फिरते. आपल्याकडचे गिटार शिकणारे तरुणही ती मोठ्या कौतुकाने सांगतात.

या कथेला आमचा आक्षेप आहे, आणि तो केवळ अंधश्रद्धेबद्दलचा नाही. ज्या समाजाला शिकण्याचा हक्क नाकारला, तो समाज तरीही शिकला, तर वर्चस्ववादी व्यवस्थेकडे एकच उपाय उरतो : तो शिकला हेच नाकारायचे. मग त्याची कला 'रक्तातली' ठरते, 'दैवी' ठरते किंवा 'सैतानी' ठरते. शब्द बदलतात, काम एकच होते. मेहनत पुसली जाते आणि शिकवणारा पुसला जातो. स्लाइड गिटारचा इतिहास हे त्याचे ठळक उदाहरण आहे, म्हणून आंबेडकरी तरुणांनी तो वाचला पाहिजे.

भिंतीवरची तार

१८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. पण मुक्त झालेल्यांना जमीन मिळाली नाही. मिसिसिपीच्या डेल्टा भागात कापसाचे मळे गोऱ्यांचेच राहिले आणि कालचे गुलाम त्याच मळ्यांवर अर्धलीने राबू लागले. बी-बियाणे, पीठ, कपडे मालकाच्या दुकानातून उधारीवर घ्यायचे, वर्षअखेरीस हिशेब मालकाच्या वहीत व्हायचा आणि कर्ज पुढच्या वर्षावर जायचे. सालगडी आणि सावकार पाहिलेल्या आपल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली आणि मतदानासाठी कर व साक्षरतेची अट घालून कृष्णवर्णीयांचा मताधिकारही काढून घेतला.

संगीतावर बंदीची परंपरा तर त्याहून जुनी आहे. साउथ कॅरोलिनात १७३९ मध्ये गुलामांनी स्टोनो येथे बंड केले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा आला आणि गुलामांना ढोल व शिंगे बाळगायला मनाई झाली. ढोलाच्या आवाजावर माणसे एकत्र येतात, हे मालकांनी बरोबर ओळखले होते.

अशा समाजातली मुले वाद्य कुठून आणणार? त्यांनी घराची भिंतच वाद्य केली. केरसुणीची काडी बांधणारी तार सोडवायची, दोन खिळ्यांवर लाकडी भिंतीला ताणून बसवायची, दोन्ही टोकांखाली बाटली किंवा विटेचा तुकडा सरकवून ती घट्ट करायची. एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावरून बाटली फिरवायची. भिंत घुमते आणि तार गाऊ लागते. याला तिथे 'डिडली बो' म्हणतात. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या एकतारी वाद्यांशी त्याचे नाते अभ्यासकांनी दाखवले आहे. पुढे स्लाइड गिटारचे मोठे नाव झालेल्या एल्मोर जेम्स यांची सुरुवात अशाच एका तारेवर झाली. आपल्या शाहिराच्या तुणतुण्यालाही एकच तार असते, हे इथे आठवावे.

शिकायचे म्हणजे नेमके काय?

'उपजत' म्हणणाऱ्यांनी ही कला एकदा शिकून पाहावी. साध्या गिटारमध्ये तार बोटाने दाबतात आणि गळ्यावरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, सूर ठरवून देतात. स्लाइडमध्ये तार दाबायची नसते. करंगळीत काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवर नुसती टेकवायची असते. जोर जास्त झाला तर तार फ्रेटवर आपटून खडखडते, कमी झाला तर बुजबुजते. नळी फ्रेटच्या बरोबर वर हवी, केसभर अलीकडे-पलीकडे झाली की सूर बेसूर. म्हणजे फ्रेटचा आधार सुटतो आणि सगळी भिस्त कानावर येते. नळीच्या मागे उरलेली बोटे हलकेच टेकवून नको ते आवाज बंद करावे लागतात. उजव्या हाताचा अंगठा खालच्या तारांवर न थांबता ठेका धरतो आणि बाकीची बोटे वरच्या तारांवर गाणे बोलतात.

ताराही वेगळ्या लावतात. मोकळ्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजेल अशा. डेल्टातले वादक एका लावणीला 'स्पॅनिश' म्हणत : खालून वर डी-जी-डी-जी-बी-डी. दुसरीला 'वेस्टापोल' : डी-ए-डी-एफ शार्प-ए-डी. कोणती लावणी कोणत्या गाण्याला हे बसून, पाहून, चुकूनच समजते. नळीही घरीच बनायची. बाटलीच्या मानेला रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा गुंडाळून पेटवायचा, लगेच थंड पाण्यात बुडवायचे, मान तुटते. मग कडा घासून गुळगुळीत करायच्या. कुणी खिशातला चाकू वापरला, तर फ्रेड मॅकडॉवेल यांनी आपल्या काकांना गाईच्या हाडाने वाजवताना पाहिले होते.

आणि हे सगळे कशासाठी? पियानोच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये जे सूर असतात, त्यांसाठी. माणूस रडतो, हाक मारतो, कण्हतो, तेव्हा तो त्या पट्ट्यांवर थांबत नाही. आपण ज्याला मींड म्हणतो ती या बाटलीच्या मानेतून येते. गाणाऱ्याने ओळ अर्धी सोडायची आणि उरलेली गिटारने पुरी करायची, ही डेल्टाची रीत.

गुरू होते, त्यांना नावेही होती

१९०३ च्या सुमारास टटवायलर या रेल्वे स्टेशनवर संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी फाटक्या कपड्यातल्या एका कृष्णवर्णीय माणसाला तारांवर चाकू दाबून गिटार वाजवताना ऐकले. पुढे १९४१ मध्ये आत्मचरित्रात त्यांनी तो प्रसंग लिहिला. हवाईच्या वादकांची पद्धत त्यांना त्यात दिसली. हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीने वाजवायची रीत घडवली होती. हँडी यांचा मान मोठा झाला. स्टेशनवरच्या त्या वादकाचे नाव मात्र इतिहासात नाही.

पण पुढची साखळी नावानिशी सांगता येते. डॉकरी मळ्यावर चार्ली पॅटन हे हेन्री स्लोन यांच्याकडून शिकले. पॅटन यांच्याकडून हाउलिन वुल्फ शिकले. सन हाऊस हे तर चर्चमध्ये प्रवचन देणारे, गिटारला पाप मानणारे. पंचविशीच्या आसपास त्यांनी विली विल्सन नावाच्या माणसाला बाटलीने वाजवताना ऐकले आणि दीड डॉलरला एक मोडकी गिटार विकत घेतली. १९३० मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला त्यांचे ध्वनिमुद्रण झाले. सन हाऊस यांना पाहून मॅकिन्ले मॉर्गनफील्ड हा ट्रॅक्टर चालवणारा तरुण शिकला. १९४३ मध्ये मळ्यावर मजुरी वाढवून मागितली, ती नाकारली गेली, आणि तो शिकागोची गाडी धरून निघाला. जग त्याला मडी वॉटर्स म्हणून ओळखते. १९१० ते १९७० या काळात दक्षिणेतून सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडे व पश्चिमेकडे गेले, त्यांतलाच हा एक. गाव सोडून शहर गाठणे म्हणजे माणूसपण गाठणे, हा बाबासाहेबांचा विचार मानणाऱ्यांना त्या गाडीचा अर्थ कळेल.

मग सैतान आला कुठून?

रॉबर्ट जॉन्सन १९११ मध्ये जन्मले आणि १९३८ मध्ये २७ व्या वर्षी गेले. १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये त्यांची २९ गाणी ध्वनिमुद्रित झाली. सन हाऊस सांगत की हा पोरगा आधी इतका वाईट वाजवायचा की लोक वैतागायचे. मग तो गेला आणि परत आला तो थक्क करणारा वादक होऊन. मधल्या काळात काय झाले? उत्तर साधे आहे. ते दक्षिण मिसिसिपीत आइक झिमरमन या वादकाकडे राहिले आणि त्यांच्याकडून शिकले. दोघे रात्री स्मशानात जाऊन सराव करत, कारण तिथे शांतता असे आणि कुणाची झोपमोड होत नसे. झिमरमन यांच्या घरच्यांनीच ही माहिती अभ्यासकांना दिली आहे.

म्हणजे गुरू आहे, घर आहे, रोजचा सराव आहे. पण खपते काय? सैतान! चौरस्त्यावरच्या सौद्याची गोष्ट मुळात टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच वादकाबद्दल त्यांच्या भावाने सांगितली होती. ती रॉबर्ट यांना चिकटली ते त्यांच्या मृत्यूनंतर, प्रामुख्याने १९६० च्या दशकापासून. त्यांच्या चौरस्त्यावरच्या प्रसिद्ध गाण्यात सैतान नाहीच. त्यात गुडघ्यावर बसून देवाची करुणा भाकणारा, गाडीला हात दाखवणारा आणि अंधार पडतोय म्हणून घाबरलेला माणूस आहे. त्या काळच्या मिसिसिपीत रात्री रस्त्यावर एकटा सापडलेला कृष्णवर्णीय माणूस कोणाला घाबरत होता? सैतानाला नव्हे. पोलिसाला, झुंडीला, झाडावरच्या फासाला. सैतानाची कथा ही भीती झाकते आणि झिमरमन यांचे गुरुपणही झाकते.

नाव कोणाचे, नफा कोणाचा?

पॅटन आणि हाऊस यांच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट ही कंपनी खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची होती. 'रेस रेकॉर्ड्स' असा वेगळा शिक्का मारून त्या तबकड्या विकल्या जात. संगीतालाही वेगळा पाणवठा! १९४१ मध्ये मडी वॉटर्स यांचे पहिले ध्वनिमुद्रण झाले. ते ॲलन लोमॅक्स यांच्या नावावर सांगितले जाते. पण तो अभ्यास फिस्क या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाबरोबरचा होता आणि तिथले प्राध्यापक जॉन वर्क सोबत होते. वर्क यांचे हस्तलिखित दशकानुदशके पडून राहिले. २००५ मध्ये ते छापले गेले.

जून १९६४ मध्ये काही गोरे तरुण सन हाऊस यांना शोधत मिसिसिपीत फिरत होते. ते सापडले न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये, गिटार सोडून दिलेले. त्याच जूनमध्ये मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी काम करणाऱ्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला. त्या तरुणांचे संगीतप्रेम खोटे नव्हते. ॲलन विल्सन या तरुण गोऱ्या वादकाने वृद्ध हाऊस यांना त्यांचीच जुनी गाणी पुन्हा बसवायला मदत केली. पण शोषितांचे गाणे प्रिय आणि त्यांचे मत नकोसे, ही अमेरिकेची दुटप्पी वृत्ती त्या महिन्याने उघडी पाडली.

स्लाइडची तीच युक्ती हवाईमार्गे भारतातही आली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग वाजवले. ते अली अकबर खाँ यांचे शिष्य. विश्वमोहन भट्ट यांनी मोहनवीणा घडवली आणि राय कूडर यांच्यासोबतच्या अल्बमला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाले. त्यांच्या साधनेबद्दल आम्हाला आदरच आहे. मुद्दा एवढाच की मैफिलीतल्या वादकाची ओळख 'अमुक गुरूंचे शिष्य' अशी होते आणि कापसाच्या शेतातल्या वादकाची 'सैतानाचा चेला' अशी. मेहनत दोघांचीही, परंपरा मात्र एकाचीच मानली गेली.

आपल्या घरात पाहू

आपल्याकडे तर वाजवण्यावर बंदी नव्हती, सक्ती होती. हलगी, डफडे, सनई ही जातीने वाट्याला दिलेली कामे. महाडच्या सत्याग्रहानंतर गावकीची हलकी कामे नाकारताना अनेक गावांत आपल्या लोकांनी लग्नात, जत्रेत वाजवणेही नाकारले आणि बहिष्कार सोसला. पुढे तेच हात भीमराव कर्डकांच्या जलशात, वामनदादांच्या गाण्यामागे वाजले. वाद्य हातात आले ते स्वतःच्या मर्जीने, हा फरक क्रांतीचा आहे.

पण त्या ढोलकीवाल्यांना कोणी शिकवले? पेटीवर बसणाऱ्याने सूर कुठे गिरवले? 'त्यांचा गळाच उपजत' असे म्हणून आपणही विषय संपवतो, तेव्हा आपण क्लार्क्सडेलच्या चौकातलीच कथा पुढे चालवत असतो. कबीर शहाणा निघाला की त्याला ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्माला घालणारे हेच करत आले. 'मेरिट' जन्माने येते असे सांगून आपल्या मुलांना वर्गात खाली मान घालायला लावणारेही हेच करतात. त्यांना उत्तर देताना आपण त्यांचीच भाषा वापरायची नाही.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या दुःखातले साम्य सांगितले. १९७२ मध्ये दलित पँथरने कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडून नाव घेतले. आता त्यांच्याकडून आणखी एक धडा घ्यावा : आपल्या शिक्षकांची नावे आपणच लिहून ठेवायची.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. तुमच्या वस्तीत जलशात वाजवलेले, भीमगीतांच्या पार्टीत फिरलेले कोणी आजोबा, काका, मावशी असतील. त्यांच्याकडे मोबाइल घेऊन जा. गाणे तर घ्याच, पण त्याआधी विचारा : तुम्हाला कोणी शिकवले? कुठे बसून? किती दिवस लागले? वाद्य कुठून आणले? जे नाव सांगतील ते गावासकट लिहून ठेवा. आणि जमले तर त्यांच्यासमोर बसून शिकायलाच लागा. 'शिका' हा आपला पहिला शब्द आहे. आपली माणसे शिकली होती याचा पुरावा जपणे हेही त्याच शब्दाचे पालन आहे.

जय भीम!