मेंदूच्या दारापाशी थांबणारं औषध

मॉर्फिन सुरू असलेल्या रुग्णाला सिस्टर सकाळी आधी विचारतात, ‘दुखणं कसं आहे?’ आणि लगेच, ‘संडासला झाली का?’ हा दुसरा प्रश्न मला पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. मॉर्फिन मेंदूत जाऊन वेदना दाबतं, तसंच आतड्यातल्या मज्जातंतूंवरही जाऊन बसतं. आतड्याची चाल मंदावते, मळातलं पाणी शोषलं जातं, खडे होतात. मळमळ, गुंगी काही दिवसांत अंगवळणी पडते. हे मात्र पडत नाही.

शिकागो विद्यापीठातले औषधशास्त्रज्ञ लिऑन गोल्डबर्ग यांनी हे आपल्या मित्रातच पाहिलं. कर्करोग हाडांत पसरलेला, आणि मॉर्फिनने पोट गच्च धरलेलं. मॉर्फिनला जागेवरून हटवणारं नाल्ट्रेक्सोन तेव्हा होतं, पण ते मेंदूतही शिरतं. म्हणजे पोट मोकळं होणार आणि दुखणं परत येणार. १९७९ मध्ये गोल्डबर्ग यांनी वाट काढली ती एका लहानशा जोडणीतून: नाल्ट्रेक्सोनच्या नायट्रोजनवर एक मिथिल गट. त्याने रेणूवर कायमचा धन विद्युतभार येतो, आणि असा रेणू रक्तातून मेंदूत जाताना अडतो. आतड्यात मात्र काम करतो. हेच मिथिलनाल्ट्रेक्सोन.

ते औषध म्हणून बाजारात येईपर्यंत गोल्डबर्ग हयात नव्हते. त्यांच्याच विद्यापीठातले भूलतज्ज्ञ जोनाथन मॉस आणि सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. अमेरिकेत २००८ मध्ये परवानगी मिळाली. नेहमीच्या रेचकांनी भागत नाही अशा गंभीर आजारी रुग्णांसाठी ते कातडीखाली टोचायचं, एक दिवसाआड, आणि २४ तासांत एकाहून जास्त वेळा कधीच नाही. मात्रा वजनावर: ३८ ते ६२ किलोच्या आत ८ मिलिग्रॅम, त्यापुढे ११४ किलोपर्यंत १२. मूत्रपिंडं बरीच मंदावली असतील तर निम्मी.

पण सुई उचलण्याआधी पोट नीट तपासलंच पाहिजे. गाठीने आतडं खरोखरच अडलं असेल, तर त्याला जोराने हलवणं म्हणजे ते फुटण्याचा धोका. तिथे हे औषध वर्ज्य. इंजेक्शननंतर पोटात कळा सुरू होऊन वाढतच गेल्या, तरी पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवायचं.

आणि बेडपॅन हाताशी ठेवायचं. कुणाकुणाला अर्ध्या तासातच होते.