गिरणगावची सहल, बायकांच्या वाटेने



आपल्या लोअर परळमध्ये रविवारी सकाळी कधी कधी पंधरावीस माणसांचा घोळका दिसतो. पाण्याच्या बाटल्या, मोबाईल वर धरलेले, आणि पुढे बोलत चालणारा एक वाटाड्या. गिरणगाव बघायला आलेली माणसं. आपण भाजीची पिशवी घेऊन बाजूने जातो आणि मनात म्हणतो, आमच्या गल्लीत काय बघायचंय यांना!

अशा सहलींची गोष्ट जुनी आहे. 5 जुलै 1841 ला इंग्लंडमध्ये थॉमस कुक नावाच्या सुताराने सुमारे पाचशे माणसांना आगगाडीने लेस्टरहून लफबरोला नेलं आणि त्याच दिवशी परत आणलं. भाडं एक शिलिंग. तो दारूबंदीवाला होता, त्या सभेसाठीच ही सहल होती. पुढे अशा सहली वाढतच गेल्या. साध्या माणसालाही एका दिवसात दुसरं गाव बघून घरी येता येऊ लागलं.

पण त्यासाठी आधी सुट्टीचा एक दिवस हातात हवा. तोच आपल्या गिरणीवाल्यांकडे नव्हता. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावरांची, ताडदेवला, 1856 मध्ये सुरू झाली. त्यानंतर तीसेक वर्षं सणवार सोडले तर आठवड्याची हक्काची सुट्टी नाही. 1884 पासून नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी झटत होते. 1890 च्या एप्रिलमध्ये कामगारांची मोठी सभा भरली, दहा हजारांची. त्या सभेत दोन बायका उठून बोलल्या, सुट्टी हवी म्हणून. त्या काळात हजारो पुरुषांसमोर! त्याच वर्षी 10 जूनला मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. लोखंड्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे, असायलाच हवं. त्या दोघींचं नाव मात्र आपल्यापैकी कुणाच्या ओठावर नाही.

आता वाटाड्याबरोबर निघू. तो फिनिक्सची चिमणी दाखवतो. 1905 ची गिरणी, आता मॉल. मग कमला मिल. मग 18 जानेवारी 1982 चा संप, दत्ता सामंत, अडीच लाख कामगार. सगळं खरं. पण ऐकताना वाटतं, या गिरण्यांत बाई पाऊलच टाकत नव्हती. शंभरेक वर्षांपूर्वी गिरणीतल्या दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. वायंडिंग आणि रीलिंग ही त्यांची खाती. जितकं सूत गुंडाळाल तितके पैसे. वर नायकीण, तीच कामावर घेणार, तीच काढणार. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला. चांगलाच कायदा. पण पुढे गिरण्यांत बायकांची संख्या घटत गेली. कारणं बरीच होती. नवी यंत्रं आली, रात्रपाळीला बायकांना बंदी होती, आणि बाई घेतली की भत्ता द्यावा लागतो हा हिशेबही होता. संपाच्या वेळेपर्यंत गिरणीत बायका नावापुरत्याच उरल्या होत्या.

मग बायका गेल्या कुठे? वाटाड्याला डिलाईल रोडवरच्या, म्हणजे ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींकडे वळायला सांगा. 160 चौरस फुटांची खोली. कोकणातून, साताऱ्याहून, कोल्हापूरहून आलेले गडी अशा खोल्यांत पाळीपाळीने झोपायचे. त्यांना जेवण घालायची खानावळवाली. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत तिची चूल पेटलेली. पगार झाला की गडी पैसे देणार, तोवर वाणी उधार देणार, आणि वाण्याचं थकलं की मंगळसूत्र सावकाराकडे. संपात तर पगारच नाही. तरी ताट वाढणं थांबलं नाही. आणि लोखंड्यांनी मिळवलेला तो रविवार? गडी घरी म्हणजे हिला दुप्पट काम. रविवारी मटण लागायचं ना!

1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. गोवा मुक्तिलढ्यातली ही बाई. तिने खानावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेलं आणि कर्ज मिळवून दिलं, गहाण ठेवायला काही नसताना. सावकाराचा फास तिथे सैल झाला.

आता या चाळी पाडून तिथे उंच इमारती होत आहेत. राहणाऱ्यांना मोठं घर, घरातच संडास मिळणार, त्याचा आनंद आहे. इतकी वर्षं सामाईक संडासापुढे रांग लावलेल्यांना कुणी जुन्याचं कौतुक सांगू नये. पण चिमणी जपली जाते, तशी चूल कुणी जपत नाही. तिला पाटी लागत नाही.

म्हणून पुढच्या रविवारी घोळका दिसला तर थांबा. तुमच्या आजीची खानावळ होती का, कोणत्या खोलीत, किती गडी जेवायचे, महिन्याचे किती घ्यायची, हे सांगा त्यांना. वाटाड्या लिहून घेईल. नाही घेतलं तर तुम्हीच दोन पावलं पुढे व्हा आणि माणसं तुमच्यामागून चालू द्या.