राब, चूल आणि शेगडी : पेण-रोह्यातील सरपणाची गोष्ट

युरोपात हिवाळ्यापूर्वी गॅसचे दर चढले की घर उबदार कसे ठेवावे, लाकडाची शेगडी परवडेल की विजेची, यावर घरोघरी खल सुरू होतो. पेण आणि रोहा या तालुक्यांत घर तापविण्याची गरज कुणालाच पडत नाही. तरीही ‘विस्तवाचा खर्च’ हा प्रश्न येथे किमान दीडशे वर्षे जुना आहे आणि त्यापायी माणसे गोळीलाही बळी पडली आहेत. आजचा धागा त्याविषयी.

कोकणातील जुन्या घरात विस्तव किती ठिकाणी लागे, ते आधी पाहू. स्वयंपाकाची चूल तर होतीच. परसात अंघोळीचे पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब असे. घरात बाळंतीण असली तर तिच्या खाटेखाली शेक देणारी शेगडी. कातकरीवाडीवर थंडीच्या रात्री पांघरुणाची उणीव शेकोटी भरून काढी. आणि पाचवा विस्तव घरात नव्हे, शेतात पेटे. तो म्हणजे राब.

राब ठाऊक नसेल तर पुढचे काहीच उमगणार नाही. भाताची रोपे जेथे वाढवायची त्या तुकड्यावर शेण, झाडांची छाटलेली कवळे, पाला आणि गवत यांचे थर रचायचे, वर मातीचा पातळ थर द्यायचा, उन्हाळ्यात ते जाळायचे आणि पावसाच्या तोंडावर तेथे बी पेरायचे. राखेने जमिनीला कस मिळतो, तणाचे बी जळून जाते, रोप जोमाने येते. म्हणजे शेण आणि फांद्या या दोन्ही वस्तूंवर शेत आणि चूल यांचा एकाच वेळी दावा होता. शेणाच्या गोवऱ्या थापल्या तर राब उणा पडतो. कवळे शेतात गेली तर चुलीला फाटी हवी. हा तोल राहत असे तो एकाच गोष्टीच्या बळावर : डोंगर मोकळा होता.

१८७८ च्या वन कायद्याने तो मोकळा राहिला नाही. जंगलांचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे वर्ग पडले. काल जी फांदी सहज तोडली जाई, तिच्यासाठी आज परवाना, फी किंवा दंड आला. ठाणे व कुलाबा (आजचा रायगड) या जिल्ह्यांत तक्रारींचा इतका गदारोळ झाला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि त्यात राबाचा प्रश्न कळीचा होता. वनाधिकाऱ्यांना राब म्हणजे जंगलाची नासाडी वाटे. शेतकऱ्याला तो भाताचा प्राण वाटे. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यावर ओढलेले कोरडेही याच काळातले, हे योगायोगाने घडलेले नाही.

येथे एका परदेशी माणसाची साक्ष लक्षणीय आहे. शेतीरसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांना हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठी १८८९ मध्ये इंग्लंडहून पाठविण्यात आले. १८९३ च्या अहवालात त्यांनी मांडलेला मुद्दा थोडक्यात असा : शेतकरी शेण जाळतो तो अडाणीपणाने नव्हे, तर त्याला लाकूड मिळत नाही म्हणून; तेव्हा गावांजवळ सरपण आणि चाऱ्यासाठी वने राखा, म्हणजे शेण शेतात जाईल. सरकारी कागदांत इतके सरळ निदान क्वचित सापडते.

ज्या डोंगरातून गावकऱ्याला मोळी आणणे अवघड झाले, त्याच डोंगरातले लाकूड मुंबईला मात्र जात होते. पेणचे अंतोरा बंदर, अंबा नदीवरचे नागोठणे, कुंडलिकेवरचे रोहा-अष्टमी ही भरतीच्या पाण्यावर चालणारी खाडीबंदरे. तांदूळ आणि लाकूडफाटा तेथून गलबतांत चढे. वाढत्या शहराला मात्र लाकडापेक्षा कोळसा सोयीचा होता. चाळीच्या एका खोलीत लाकडाचा धूर कोण सोसणार? लाकडी कोळसा वजनाला हलका, धूर जवळजवळ नाही, लोखंडी शेगडीत मावतो. शहरापुरता तो उत्तम पर्याय होता. पण हा कोळसा कुणीतरी पाडावा लागतो.

तो पाडणारे कातकरी. खैराच्या लाकडापासून कात काढणारे, म्हणून कातकरी, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगतात. वन कायद्यांनी खैर हातचा गेला आणि कात काढण्याचा धंदा बसला. पुढे कूप तोडणाऱ्या ठेकेदारांना कोळसा पाडायला मजूर हवे होते आणि कातकऱ्यांना पोट भरायचे होते. भट्टीचे काम असे : लाकडाचे ओंडके रचायचे, वर पाला-गवत घालून मातीने लिंपायचे, आत विस्तव सोडायचा आणि वारा जेमतेम मिळेल इतकीच भोके ठेवायची. मग कित्येक दिवस-रात्र पहारा. मातीला भेग पडली आणि वारा आत शिरला, की कोळशाची राख. साधारण चार-पाच किलो लाकडामागे एक किलो कोळसा हाती येतो. नवरा-बायको, पोरे, सगळे कुटुंब भट्टीवर राबे.

मोबदला हातात येईच असे नाही. पावसाळ्यात घरात दाणा नसताना ठेकेदार ‘उचल’ देई. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाई आणि हिशेब ठेकेदाराच्या वहीत होई. बहुतेकदा हंगामाअखेर फिटणे राहूनच जाई आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागे. शहरातल्या शेगडीची ऊब स्वस्त होती ती या वहीमुळे, असे माझे मत आहे.

हा असंतोष १९३० मध्ये उघड झाला. मिठाच्या सत्याग्रहानंतर पावसाळ्यात महाराष्ट्रभर जंगल सत्याग्रह पसरले. २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर गावी (तेव्हा पनवेल तालुका, आज उरण, पेणहून फार लांब नव्हे) आसपासचे आगरी, कोळी, कातकरी कोयते घेऊन अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. घटनास्थळी असलेले मामलेदार जोशीही मारले गेले. त्या आठांत एक नाव नवश्या महादेव कातकरी यांचे आहे. पाठ्यपुस्तकात चिरनेर बहुधा एका ओळीत आटोपते आणि ती ओळ स्वराज्याची असते. त्यांच्या हातातले कोयते नेमके कशासाठी होते, याचाही विचार व्हावा.

पुढे स्टोव्ह आला, रॉकेलच्या रांगा आल्या. १९५५ मध्ये मुंबईत ‘बर्शेन’ नावाने सिलिंडरचा गॅस आला, पण तो शहरापुरता. १९७४ मध्ये बॉम्बे हाय येथे तेल सापडले आणि समुद्रातला वायू चिरनेरच्याच तालुक्यात, उरणला, किनाऱ्यावर उतरू लागला. तेथून इथेन-प्रोपेन नळाने रोहा तालुक्यातल्या नागोठण्यास गेले आणि तेथे आयपीसीएलचा पेट्रोरसायन प्रकल्प उभा राहिला. एका जिल्ह्यात, एकाच काळात, जमिनीखालून वायू वाहत होता आणि वरच्या पायवाटेने बायका डोक्यावर मोळ्या घेऊन उतरत होत्या.

२०१६ च्या उज्ज्वला योजनेने सिलिंडर वाड्यांपर्यंत नेला. जोडणी मिळणे आणि तो पुन्हा भरून आणणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. मे २०२२ मध्ये घरगुती सिलिंडर हजार रुपयांवर गेला, तेव्हा रोजंदारीवर जगणाऱ्या घरात हिशेब पुन्हा जुनाच झाला : चहापुरता गॅस, भाताला चूल. मोळीला पैसे पडत नाहीत, असे म्हणतात. तिला बाईचा अर्धा दिवस पडतो, तो कुठल्या वहीत लिहिला जात नाही, एवढेच.

कोळशाच्या भट्ट्याही संपलेल्या नाहीत, फक्त हलल्या आहेत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने गुन्हा ठरली. पुढे रायगडच्या जंगलातली तोड आवळली गेली. आजही दिवाळी झाली की पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांतून कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि परजिल्ह्यांतल्या, परराज्यांतल्या कोळसाभट्ट्यांवर जातात. उचल आधीच घेतलेली असते. तो कोळसा आता चाळीतल्या शेगडीत नव्हे, शहरातल्या तंदुरी-कबाबांच्या जाळावर जळतो.