परिचर्येचे प्रात्यक्षिक शिक्षण : गुणाकडून कौशल्याकडे

१

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. यांपैकी उपस्थाता म्हणजे रोग्याची शुश्रूषा करणारा. त्याच्या ठायी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा तेथे व्यक्त झाली आहे. या यादीत आजही फारशी भर घालावी लागत नाही. परंतु गुण असावेत असे सांगणे निराळे आणि ते विद्यार्थ्याच्या हाती आणून देणे निराळे. दक्षता शिकविता येते काय? शुचितेची परीक्षा घेता येते काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नांची उत्तरे रुग्णालयाच्या वॉर्डात शोधली जाऊ लागली आणि आधुनिक परिचर्या-शिक्षणाचा आरंभ झाला.

या शिक्षणाचा गाभा प्रात्यक्षिक हा होय. रोग्याचे मलमूत्र काढणे, जखम धुणे, बाळंतिणीचे रक्तस्राव पाहणे ही कामे समाजाने हलकी, किंबहुना विटाळाची मानली होती. त्याच कामांना निरीक्षण आणि नोंद यांची जोड मिळताच ती विद्येच्या कक्षेत आली. तथापि प्रात्यक्षिकाच्याच नावाखाली विद्यार्थिनीकडून रुग्णालयाचे दैनंदिन श्रमही करवून घेतले गेले. शिक्षण आणि श्रम यांमधील हा तणाव महाराष्ट्रातील परिचर्या-प्रशिक्षणाच्या इतिहासात आरंभापासून दिसतो.

२

१८६० मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून परिचारिकांची शाळा सुरू झाली. विद्यार्थिनीने वॉर्डात राहून शिकावे आणि तिच्यावर शिक्षित मेट्रनची देखरेख असावी, ही दोन तत्त्वे या शाळेने रूढ केली. हीच पद्धती पुढे मुंबईत आली. १८८६ मध्ये पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रिया व बालके यांच्यासाठी कामा रुग्णालय उघडले. तेथील प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. १८९१ मध्ये मुंबईत शिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून नोंदले जाते.

याच दशकाच्या अखेरीस प्लेगने शिक्षित हातांची उणीव उघडी केली. १८९६ मध्ये मुंबईत व त्यानंतर पुण्यात साथ पसरली. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतःस लागण होऊन सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. करुणा आणि धैर्य यांची वाण या समाजात नव्हती, हे त्यांच्या मृत्यूने दाखविले. उणीव होती ती अशा करुणेला शास्त्रशुद्ध पद्धतीचे संरक्षण देणाऱ्या शिक्षणाची.

मराठी मध्यमवर्गातील स्त्री या शिक्षणाकडे वळली ती प्रामुख्याने पुण्यात. १९०९ मध्ये रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने ससून रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था केली आणि विद्यार्थिनींसाठी वसतिगृह चालविले. या वसतिगृहाचे महत्त्व केवळ निवाऱ्यापुरते नव्हते. उच्चवर्णीय घरातील विधवेने परपुरुषाच्या देहाला स्पर्श करावा, कोणत्याही जातीच्या रोग्याचे भांडे उचलावे आणि रात्रपाळी करावी, ही कल्पनाच त्या काळी असह्य होती. सेवासदनासारख्या प्रतिष्ठित संस्थेच्या छत्राखाली विद्यार्थिनी राहते म्हटल्यावर कुटुंबांचा विरोध काहीसा सैल पडत असे. मिशन रुग्णालयांतून शिकणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थिनींनी ही वाट अगोदरच तुडविली होती, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. मिरजेस डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये उभारलेले रुग्णालय या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे.

३

विद्यार्थिनी वॉर्डात नेमके काय शिकते, याचा तपशील पाहिला म्हणजे गुणाचे कौशल्यात रूपांतर कसे होते हे स्पष्ट होते.

पहिला धडा बिछान्याचा. चादर ताणून तिचे कोपरे ठरावीक पद्धतीने दुमडावयाचे, खाली एकही सुरकुती राहू द्यावयाची नाही, उशीच्या अभ्र्याची उघडी बाजू दाराच्या विरुद्ध दिशेस ठेवावयाची. बाहेरच्या माणसास ही निव्वळ टापटीप वाटते. परंतु निश्चल पडलेल्या रोग्याच्या पाठीखाली सुरकुती राहिली की त्वचेवर दाब येतो, तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि शय्याव्रणाला आरंभ होतो. माकडहाड, टाचा, खांदे, कोपरे व डोक्याचा मागील भाग ही त्याची नेहमीची स्थाने. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, त्वचा कोरडी ठेवणे आणि ती लाल झाली आहे काय हे पाहणे विद्यार्थिनीला शिकवितात. पूर्वी अशा लाल जागी स्पिरिट व पावडर लावून चोळण्याची रीत होती. चोळण्याने आतील ऊतींना इजा होते हे कळल्यावर ती सोडून देण्यात आली. प्रात्यक्षिक म्हणजे गोठलेली परंपरा नव्हे, याचे हे लहानसे उदाहरण होय.

दुसरा धडा मोजण्याचा. नाडी पूर्ण एक मिनिट मोजावयाची आणि संख्येबरोबर तिची लय व भरीवपणाही बोटांनी ओळखावयाचा. श्वसन मोजताना रोग्यास कळू द्यावयाचे नाही, कारण कळले की तो श्वास बदलतो. म्हणून नाडी मोजून झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवावयाचे आणि नजर छातीकडे वळवावयाची. या एका युक्तीत शरीरशास्त्र, मानसशास्त्र आणि हातचलाखी एकत्र आली आहेत. व्याख्यानातून ती सांगता येते, परंतु अंगवळणी पडते ती रोग्याच्या उशाशी.

तिसरा धडा औषधाचा. योग्य रोगी, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ हे पाच निकष तोंडपाठ करून घेतले जातात. बाटलीवरील चिठ्ठी फडताळातून काढताना, मात्रा ओतताना व बाटली परत ठेवताना अशी तीनदा वाचावयाची असते. चरकाने सांगितलेली दक्षता येथे तीन वेळच्या वाचनात उतरली, आणि जी दृश्य झाली तिची परीक्षाही घेता येऊ लागली. हात धुण्याचा क्रम, निर्जंतुक ट्रे मांडण्याची रीत, चिमट्याने ड्रेसिंग उचलण्याची पद्धती यांनी शुचितेचेही तेच केले. सोवळ्याची शुचिता स्पर्श टाळून राखली जाते. वॉर्डातील शुचिता मात्र स्पर्शाच्या आधी व नंतर पाळावयाची असते, आणि तिच्यात स्पर्श हेच कर्तव्य असते. सोवळ्यात वाढलेल्या मुलीसाठी हा बदल कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा मोठा होता.

मृत्यूनंतरच्या परिचर्येचाही धडा असतो. डोळे मिटणे, जबडा बांधणे, अवयव सरळ करणे, देह पुसून स्वच्छ करणे आणि नातेवाइकांपुढे तो सन्मानाने ठेवणे ही कामे विद्यार्थिनी बहुधा विशीच्या आतबाहेर असतानाच करते. हे करताना आवाज, चाल आणि चेहरा कसा असावा हे ती ज्येष्ठ परिचारिकेकडे पाहून शिकते.

४

या शिक्षणाची घडी कायद्याने बसण्यास बराच काळ लागला. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांतात परिचारिका, सुईणी व आरोग्य-अभ्यागत यांची नोंदणी आणि परीक्षा यांसाठी परिषद अस्तित्वात आली. १९४७ च्या अधिनियमाने अखिल भारतीय परिचर्या परिषदेची तरतूद केली, तर राज्याचा स्वतंत्र महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ चा आहे. दरम्यान १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल सादर केला होता. त्यानुसार देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे साधारणतः ४३,००० लोकांमागे एक.

या संख्येतच विद्यार्थिनीच्या श्रमाचे रहस्य आहे. जेथे शिक्षित परिचारिका इतक्या थोड्या, तेथे वॉर्ड चालणार तो शिकाऊ हातांवरच. रात्रपाळी संपवून आलेली विद्यार्थिनी सकाळच्या व्याख्यानास बसे, आणि वॉर्डात माणसे कमी पडली की प्रथम बुडे ते व्याख्यान. अधिसेविकेला वॉर्डही चालवावयाचा असे आणि शाळाही. दोन्हींत संघर्ष आला की वॉर्ड जिंकत असे. पाठ्यनिर्देशिका हे स्वतंत्र पद निर्माण झाल्याने विद्यार्थिनीला शिक्षणाच्या बाजूने बोलणारी एक व्यक्ती मिळाली. पुढे परिचर्येने विद्यापीठात प्रवेश केला. १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे पदवी-शिक्षण सुरू झाले, तर मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्ये स्थापन झाले. १९९८ पासून राज्यात आरोग्य विज्ञानाचे स्वतंत्र विद्यापीठ नाशिक येथे आहे.

पदवीने प्रतिष्ठा दिली, परंतु एक नवा धोकाही निर्माण केला. पूर्वी वॉर्डाने वर्ग गिळला होता. आता वर्गाने वॉर्ड गिळण्याचा संभव उत्पन्न झाला. प्रतिकृतीवर सुई टोचण्याचा सराव करून येणारी विद्यार्थिनी रोग्याला कमी इजा करते, हा निःसंशय लाभ होय. तथापि प्रतिकृती घाबरत नाही, हात मागे घेत नाही आणि कण्हतही नाही. प्रयोगशाळेने वॉर्डाची पूर्वतयारी करावी. तिने वॉर्डाची जागा घेतल्यास शिक्षणाचा गाभाच हरवेल.

५

या दृष्टीने ठाणे शहराचे उदाहरण उद्‌बोधक आहे. परिचर्येच्या अभ्यासक्रमाला सामान्य रुग्णालय, मानसिक आरोग्याची संस्था, प्रसूतिगृह आणि वस्ती अशी चार क्षेत्रे लागतात. ठाण्यात विठ्ठल सायन्ना यांच्या नावाचे जिल्हा रुग्णालय आहे, १९०१ मध्ये स्थापन झालेले मनोरुग्णालय आहे आणि रेल्वेच्या पूर्वेस कोपरीमध्ये महानगरपालिकेचे लखीचंद फतीचंद प्रसूतिगृह आहे. चौथे क्षेत्र म्हणजे स्वतः कोपरीसारखी वस्ती. रेल्वेमार्ग आणि खाडी यांच्या मधल्या या भागात आगरी-कोळी समाजाचे जुने गाव आहे. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासित वसले आणि पुढे मुंबईच्या नोकरीवर जगणारी मराठी कुटुंबे आली.

अशा वस्तीत निरीक्षणाचा पहिला अडथळा भाषेचा असतो. रोगपत्रिका इंग्रजीत लिहिली जाते. रोगी मात्र आपल्या बोलीत दुखतो. मराठीत कळ निराळी, ठणका निराळा, चमक निराळी आणि मुरडा निराळा. ठणका म्हटले की नाडीच्या ठोक्यासरशी दुखणारा, बहुधा पिकलेला भाग डोळ्यांपुढे यावा. मुरडा म्हटले की आतड्याकडे लक्ष जावे. बाळंतिणीच्या वेणांचा तर वेगळाच शब्द. ‘कसेतरी होते’ एवढेच सांगणाऱ्या स्त्रीची नाडी, घाम आणि रंग पाहण्याची बुद्धी व्हावी, हेच प्रात्यक्षिकाचे फळ. हे सर्व शब्द ‘वेदना’ या एकाच रकान्यात गेले तर नोंद शुद्ध होईल, परंतु निरीक्षण मरेल.

प्रसूतिगृहाच्या मागे सुईणीचा दीर्घ इतिहास आहे. १९०३ च्या व्हिक्टोरिया स्मारक निधीपासून परंपरागत सुईणींना शिकविण्याचे प्रयत्न झाले. सुईणीचा हात निष्णात असे. अस्वच्छ पात्याने नाळ कापल्याने नवजात अर्भकास होणारा धनुर्वात मात्र तिच्या अनुभवाला उलगडत नसे. १९५१ मध्ये पंजाबातील तरनतारन येथे सहाय्यकारी परिचारिका प्रसविकांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९७७ मध्ये तो दीड वर्षाचा करण्यात आला आणि पुढे पुन्हा दोन वर्षांचा झाला. परिचर्या-शिक्षणात विद्यार्थिनीने देखरेखीखाली ठरावीक संख्येने प्रसूती करून त्या केस-बुकात लिहाव्यात, असा दंडक आहे. वार पूर्ण पडली काय, ती तपासली काय, रक्तस्राव किती झाला, बाळ केव्हा रडले याची प्रत्येक नोंद शिक्षिकेच्या सहीने पक्की होते. सुईणीचे ज्ञान तिच्याबरोबर संपत असे. केस-बुकातील ज्ञान तपासता येते, दुरुस्त करता येते आणि दुसऱ्यास देता येते.

६

या शिक्षणाचे मोल कशाने मोजावे? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील एक परिचारिका नोव्हेंबर १९७३ मध्ये झालेल्या पाशवी हल्ल्यानंतर त्याच रुग्णालयात मे २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, जवळजवळ निश्चल अवस्थेत होती. तिच्यासंबंधीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निर्णय दिला. इतक्या वर्षांत तिला एकही शय्याव्रण झाले नाही, या गोष्टीची न्यायालयाने आवर्जून दखल घेतली आणि तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन सेवकवर्गासच तिचे खरे निकटवर्ती मानले. त्या निर्णयातील जीवन-मरणाच्या तात्त्विक प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परिचर्येच्या इतिहासकाराने मात्र त्यातील या साध्या वस्तुस्थितीपाशी थांबावयास हवे. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, पाळ्या बदलल्या. कूस बदलण्याचा आणि चादर ताणण्याचा पहिल्या वर्षाचा धडा मात्र अखंड चालू राहिला.

चरकाच्या यादीतील अनुराग हा गुण शिकविता येत नाही, असे म्हणण्याची प्रथा आहे. वरील उदाहरण त्या मताचा फेरविचार करावयास लावते. सहकारिणीविषयीची आपुलकी आरंभीच्या परिचारिकांना आपोआप वाटली असेल. तिला कधीच ओळखत नसलेल्या नंतरच्या पिढ्यांनी ती शिस्तीतून आणि रोजच्या कामातून मिळविली. हातांना लागलेले वळण कालांतराने मनालाही लागते. परिचर्येच्या प्रात्यक्षिकावर खर्च होणारे तास कमी करावेत की वाढवावेत, याचा विचार करताना अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी ही गोष्ट दृष्टीआड करू नये.